उंबरठ्यावरचा न्याय

परक्या देशाच्या नागरिकाला आपल्या देशात येऊ द्यावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सरकारला असतो, याविषयी सहसा कोणी वाद घालत नाही. वाद सुरू होतो तो त्या माणसाच्या खिशात पिस्तूल नसून जिभेवर विष असते तेव्हा. ज्यूद्वेषाला आळा घालण्यासाठी अशा वक्त्यांना व्हिसा नाकारण्याचा मार्ग अनेक लोकशाही सरकारांनी पत्करला आहे. तो योग्य आहे असे माझे मत आहे. मात्र त्यापासून सरकारे ज्या फळाची अपेक्षा धरतात, ते फळ त्या झाडाला लागत नाही असेही मला वाटते.

ताजे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. कँडेस ओवेन्स ह्या अमेरिकन प्रचारक बाईंना तेथे व्याख्यानांचा दौरा करावयाचा होता. नाझी डॉक्टर मेंगेले याने छळछावणीतील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांच्या हकिगती म्हणजे निव्वळ प्रचार, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने त्यांना व्हिसा नाकारला. समाजात कलह माजविण्याचा धोका असलेल्या व्यक्तीला प्रवेश नाकारता येईल, असे तेथील कायद्यात कलम आहे. बाई न्यायालयात गेल्या. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पीठाने एकमताने त्यांचा दावा फेटाळला. राजकीय विचारविनिमयाचे स्वातंत्र्य हा काही एखाद्या व्यक्तीचा अमर्याद खाजगी हक्क नव्हे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले.

येथे आमचे राज्यशास्त्राचे मित्र हटकून विचारतील, मग भाषणस्वातंत्र्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण व्हिसा नाकारल्याने त्या बाईंचे तोंड बंद झाले नाही. त्यांचे बोलणे सिडनीतला कोणीही माणूस घरबसल्या ऐकू शकतो. सरकारने नाकारले ते सभागृह, व्यासपीठ आणि टाळ्या. द्वेषाला मुद्द्यापेक्षा गर्दीची गरज अधिक असते, हे ज्याने एखादी जहाल सभा जवळून पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. शिवाय स्वतःचे माथेफिरू प्रत्येक देशाला पुरेसे असतातच. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी अवस्था ओढवून घेण्याचे बंधन कोणत्याही सरकारवर नाही. अमेरिकेतील लुई फराखान यांना ब्रिटनने १९८६ मध्ये बंदी केली. २००१ मध्ये एका न्यायाधीशाने ती उठविली आणि २००२ मध्ये वरच्या न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. मला त्यात काही गैर दिसत नाही.

पण ह्या दरवाजाचा इतिहास वाचला की मन थोडे अस्वस्थ होते. ब्रिटनमध्ये परकीयांचा प्रवेश रोखणारा आधुनिक काळातला पहिला महत्त्वाचा कायदा १९०५ चा, आणि तो मुख्यतः आला तो पूर्व युरोपातून जीव घेऊन पळणाऱ्या गरीब ज्यूंना थोपविण्यासाठी! त्या वेळचे पंतप्रधान बाल्फर, पुढे १९१७ च्या जाहीरनाम्यामुळे गाजलेले तेच. १९३८ साली एव्हियाँ येथे ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर परिषद भरली, तेव्हा आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आमची इच्छा नाही, असे ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने सांगितले. पुढल्या वर्षी 'सेंट लुई' जहाजावरील नऊशेहून अधिक प्रवाशांना, ज्यांत बहुतेक ज्यूच होते, क्यूबाने उतरू दिले नाही आणि अमेरिकेनेही नाही. जहाज युरोपला परतले. त्यांतील २५४ माणसे पुढे नाझींच्या संहारात बळी पडली. आज ज्यूंच्या रक्षणासाठी जी कडी लावली जाते, ती हीच कडी आहे. कडीला स्वतःची नीती नसते, ती लावणाऱ्या हातावर सारे अवलंबून असते.

आणि हात चुकतो. एप्रिल २०२४ मध्ये बर्लिन येथील पॅलेस्टाईनविषयक परिषदेसाठी निघालेले ब्रिटिश-पॅलेस्टिनी शल्यविशारद घस्सान अबू सित्ता यांना जर्मनीने विमानतळावरूनच परत धाडले. गाझातील रुग्णालयांत युद्धकाळी शस्त्रक्रिया करताना जे पाहिले, ते त्यांना तेथे सांगावयाचे होते. पुढल्याच महिन्यात पोट्सडाम येथील न्यायालयाने ती प्रवेशबंदी बेकायदेशीर ठरविली, पण तोवर परिषद केव्हाच आटोपली होती. इस्रायल सरकारवर टीका करणे आणि ज्यूंचा द्वेष करणे यांतला फरक ज्याला करता येत नाही, त्याच्या हाती ही कडी म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हणून माझा आग्रह असा की, प्रवेश नाकारताना त्या माणसाचे नेमके कोणते वाक्य आक्षेपार्ह ठरले ते सरकारने लेखी द्यावे आणि न्यायालयाने निकाल कार्यक्रमाच्या तारखेआधी द्यावा. ओवेन्स बाईंना पूर्ण सुनावणी मिळाली, डॉक्टरांना मिळाली ती वरातीमागून घोडे अशी.

हा प्रश्न आपला नव्हे असे काहींना वाटेल. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना 'शनवार तेली' म्हणून कोकणाने शेकडो वर्षे आपल्यात नांदविले, हे खरेच आहे. पण २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी दांपत्यासह सहा जणांची हत्या झाली. त्या जागेची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकन पासपोर्टवर, रीतसर भारतीय व्हिसा घेऊन मुंबईत येत-जात होता. त्याने २००६ मध्ये दाऊद गिलानी हे आपले नाव बदलून घेतले होते. भाषणे ठोकणारा दारात ओळखू येतो, मुकाट्याने येणारा येत नाही. १४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावर हनुक्काच्या सणासाठी जमलेल्यांवर गोळीबार होऊन १५ जण मारले गेले. त्यात आरोपी म्हणून पुढे आलेले बापलेक नवखे पाहुणे नव्हते. बाप १९९८ पासून तेथे राहत होता आणि मुलगा तर ऑस्ट्रेलियातच जन्मला होता.

घरातल्याच माणसाशी गाठ पडली तर काय करावयाचे, याचे उत्तर मला डेव्हिड आयर्विंगच्या खटल्यात सापडते. ज्यूंचा संहार झालाच नाही असे सांगत फिरणाऱ्या या ब्रिटिश लेखकाला कॅनडाने १९९२ मध्ये हाकलले, ऑस्ट्रेलियाने १९९३ मध्ये व्हिसा नाकारला, जर्मनीनेही बंदी घातली. तरी त्याचा धंदा चालूच होता. ब्रिटन तर त्याचा स्वतःचाच देश, तेथे कोणते दार लावणार? त्याने डेबोरा लिपस्टाट या अमेरिकन प्राध्यापिकेवर आणि त्यांच्या प्रकाशकांवर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. बचावपक्षासाठी इतिहासकार रिचर्ड इव्हान्स आणि त्यांचे दोन तरुण सहायक आयर्विंगच्या तळटीपा हातात घेऊन मूळ जर्मन कागदपत्रांशी ओळ न् ओळ ताडून पाहत बसले. काम कंटाळवाणे होते. त्यातून सातशेहून अधिक पानांचा अहवाल तयार झाला. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल दिला, आणि इतिहासकार म्हणून आयर्विंगची जी काही पत उरली होती ती त्या दिवशी गेली.