आठीवर सुई

परवा जेवताना ह्यांनी पेपरातला शोध वाचून दाखवला : बायकांच्या नैराश्यावर बोटॉक्सचं इंजेक्शन! भुवयांच्या मधोमध विष टोचायचं. आठी घालणारा स्नायू तीन-चार महिने लुळा. कपाळ शांत दिसलं की मेंदूलाही वाटतं, सगळं आलबेल आहे. अमेरिकेत २००६ साली १० जणींना टोचलं, दोन महिन्यांत ९ जणींचं नैराश्य पळालं म्हणे. पुढे अडीचशेहून जास्त बायकांवर चाचणी झाली. २०१७ साली निकाल जाहीर झाला, तर मिठाच्या पाण्यापुढे विष काही खात्रीने सरस ठरलं नाही. (हे ह्यांनी वाचलंच नव्हतं. भांडी आवरल्यावर मी वाचलं.)

अहो, वैशाखात अख्ख्या सोलापूरच्या कपाळाला आठ्या असतात, टोचता का सगळ्यांना? आठी हा बाईचा अर्ज. त्यावर निर्णय द्यायचा सोडून कागदच कोरा करायचा, ही कुठली तऱ्हा?

आणि नैराश्य मी काढलंय. दोन वर्षं गोळ्या घेतल्या. तेव्हा कपाळ कसं गुळगुळीत होतं माझं! दूध उतू गेलं तरी आठी नाही, भाजी करपली तरी नाही. मग एके दिवशी ह्यांनी ओलाकच्च टॉवेल गादीवर टाकला आणि मी आठ्या घालून ओरडले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.