झाडावरचं ऑफिस

तुमच्या ऑफिस बॅगेत काय असतं? लॅपटॉप, चार्जर, डबा, गळ्यात अडकवायचं आयकार्ड आणि तळाशी कुठल्या तरी कॉन्फरन्समध्ये मिळालेली तीन न चालणारी पेनं. आता ही दुसरी बॅग बघा. बॅग कसली, खताचं रिकामं पोतं! आत नायलॉनचे दोन दोर, एक अंगठ्याएवढा जाड, एक बारीक. एक कुऱ्हाड, एक आखूड कोयता, वाकड्या पात्याची करवत, धार लावायला कानस, मुठीला गुंडाळायला सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि एक जाडजूड लोखंडी नट. चेनसॉ, म्हणजे इकडच्या भाषेत नुसतं 'मशीन', मोपेडवर पायाशी बसून येतं. त्याच्या पेट्रोल-ऑइलचा कॅन वेगळा.

हे पोतं पेठ वडगावातल्या एका मामांचं. मामा झाडं उतरवतात. इंग्रजीत याला 'ट्री सर्जन' असा सॉलिड शब्द आहे. मराठीत मात्र व्हिजिटिंग कार्डावर छापावं असं काही सापडत नाही. 'लाकूडतोड्या' म्हटलं की आपल्याला ती जलदेवता आणि सोन्याची कुऱ्हाडच आठवते. मामांची कुऱ्हाड विहिरीत पडली तर त्यांनाच दोर लावून उतरावं लागतं, बॉस.

पेठ वडगाव माहीत नसेल तर सांगते. पुणे-बेंगळुरू हायवेनं कोल्हापूरच्या अलीकडे वाठारला आत वळायचं. तालुका हातकणंगले. सेनापती धनाजी जाधवांची समाधी इथं आहे, आणि सोमवारच्या बाजाराला आजूबाजूची गावं लोटतात. आमचं जुनं घर तिथं आहे आणि घरामागे आंबा. त्याच्या तीन फांद्या कौलांवर टेकल्या होत्या. पावसाळ्याआधी त्या उतरवायच्या, म्हणून मामांना बोलावलं.

मामा आले, वर बघत झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पहिला प्रश्न टाकला. "ताई, लाकूड तुमचं का आमचं?"

सगळी गंमत या एका प्रश्नात आहे. झाडाच्या कामाचे दोन फंडे असतात. एकात तुम्ही मजुरी द्यायची, लाकूड तुमचं. दुसऱ्यात मजुरी नाही, कधी तर उलट तुम्हालाच चार पैसे मिळतात, पण लाकूड कापणाऱ्याचं. ते मग वखारीला नाही तर जळणाला जातं. आता तुम्हीच विचार करा. ज्याची कमाई ट्रॉलीत पडणाऱ्या लाकडावर, तो वर चढून किती कापेल? तीन फांद्या सांगितल्या तर पाच पडतात, त्यातही नेमक्या जाड. तुमच्या सोसायटीत "फुकट करून देतो" म्हणणारा माणूस येऊन गेल्यावर गुलमोहराचा विजेचा खांब का होतो, याचं उत्तर हेच.

मी म्हटलं, "लाकूड आमचं. तुम्ही रोज सांगा."

"मग निवांत काम हुतंय बगा," मामा म्हणाले.

निवांत म्हणजे कसं, ते मी अंगणात खुर्ची टाकून बघितलं. बारीक दोराच्या टोकाला तो लोखंडी नट बांधला, दोन झोके दिले आणि नट थेट वरच्या बेचक्यातून पलीकडे. त्याला जाड दोर जोडून ओढून घेतला. परदेशातले ट्री सर्जन हेच करतात, फक्त त्यांच्याकडे नटाच्या जागी शिशाच्या छऱ्यांची रंगीत पिशवी असते. त्यांच्याकडे हार्नेस असतो, कानाला मफ, तोंडावर जाळी, आणि खास पॅन्ट. या पॅन्टची आयडिया जबरी आहे. आत लांब धाग्यांचे थर भरलेले असतात. साखळी चुकून मांडीवर आलीच तर ते धागे बाहेर ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि साखळी जागच्या जागी थांबते. चेनसॉची साखळी सेकंदाला साधारण २० मीटर पळते, म्हणजे ओरडायलाही वेळ नाही. मामांकडे हार्नेस आहे, एका बांधकामावरून आलेला. पॅन्ट मात्र साधीच, गुडघ्याला ठिगळ लावलेली.

म्हणूनच बहुधा ते मशीन वर नेत नाहीत. वर करवत आणि कोयता, मशीन खाली पडलेल्या लाकडासाठी. "वर एक हात झाडाला लागतोय, आन् मशीनला दोन्ही लागत्यात. तिसरा कुठनं आणायचा?" यावर कुठल्याही सेफ्टी ऑफिसरनं सही करावी. मशीन एका हातानं चालवू नये हा या धंद्यातला जगभरचा पहिला नियम आहे, कारण पात्याचं टोक कशावर अडलं की ते उसळून थेट चेहऱ्याकडे येतं.

झाडांचे स्वभावही पाठ पाहिजेत. चिंच चिवट, तिच्यावर माणूस निर्धास्त उभा राहतो. गुलमोहर दिसायला देखणा पण भरवशाचा नाही. शेवगा तर काडीसारखा मोडतो, त्यावर चढायचंच नाही. आंब्यावर लाल मुंग्या, वडाच्या ढोलीत घुबड नाही तर साप. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी मोपेड वळवून घरी. आणि विजेची तार फांदीतून जात असेल तर महावितरणनं लाइन बंद केल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, कारण ओली फांदी म्हणजे तारच.

मग कापणं. मला वाटलं होतं, कोयता मारला की फांदी खाली. मामांनी फांदीला आधी दोर बांधला. तो दोर वरच्या बेचक्यातून खाली आणून बुंध्याला तीन वेढे दिले आणि टोक पोराच्या हातात. तीन वेढ्यांच्या घर्षणानं एक सडपातळ पोरगा स्वतःच्या तिप्पट वजनाची फांदी हळूहळू खाली सोडतो, एक कौल न फुटता! (शाळेत फिजिक्सच्या सरांनी हे दाखवलं असतं तर माझे मार्क नक्की वाढले असते.)

करवत चालवली तीन वेळा. पहिला काप खोडापासून हातभर लांब, आणि खालून, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी तिथं मोडली आणि खोडाची साल सोलली नाही. एकाच घावात तोडली असती तर पडता पडता तिनं बुंध्यापर्यंत साल ओढत नेली असती. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढला, पण खोडाला घासून नाही. फांदी खोडातून निघते तिथं एक फुगीर वळी असते. इंग्रजीत तिला कॉलर म्हणतात, अगदी आपल्या शर्टासारखी. ती कॉलर मामांनी शाबूत ठेवली.

या कॉलरची गोष्ट मोठी आहे. अमेरिकेच्या वनखात्यात अॅलेक्स शायगो (१९३०–२००६) नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरून आत बघितलं. त्यांना दिसलं ते असं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड खराब भागाभोवती आतून भिंत बांधतं आणि पुढची वाढ बाहेरून करतं. ती भिंत बांधायची ताकद त्या वळीतच असते. गुळगुळीत दिसावं म्हणून ती छाटली की बुरशीला दार उघडं. वर ऑइल पेंट किंवा डांबर फासल्यानं ती थांबत नाही. मामांनी शायगोंचं नाव ऐकलेलं नाही. "वळी ठेवली की खोड पोकळ हुत न्हाई," एवढं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं.

आणि हे पोकळ होणं काही वर्षांनी कुणाच्या तरी डोक्यावर येतं. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला चालत जाणाऱ्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या. नारळाला फांद्या नसतात, तिथला प्रश्न वेगळा. पण झाड धोकादायक आहे का, हे वर चढून ठरवू शकणारा माणूस आपल्या वस्तीत कोण आहे, हा प्रश्न सगळीकडे तोच.

कायदा मात्र बराच शहाणा आहे. महाराष्ट्रात शहरी भागासाठी झाडांचा कायदा १९७५ चा आहे, आणि तो नगरपरिषदांनाही लागू आहे. त्यात 'झाड तोडणं' या शब्दांत जाळणं, कापणं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडाला 'हेरिटेज' दर्जा दिला, आणि झाड पाडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असं ठरलं. आमचा आंबा आजोबांनी लावलेला, म्हणजे हेरिटेजच! छाटणीआधी मामांनी मला नगरपरिषदेत अर्ज करायला पाठवलं. कागद हातात आल्यावरच पोतं सोडलं. वाईट छाटणी म्हणजेही कायद्यानं तोडच असू शकते, हे आपल्या किती सोसायट्यांच्या सेक्रेटरींना माहीत असेल?

चहाला बसल्यावर मी विम्याचं विचारलं. आपल्याला ऑफिसची मेडिक्लेम असते आणि आपण खुर्चीवरून पडण्याचीही शक्यता नसते. मामांकडे बँकेतली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. नुसता पाय मोडून तीन महिने घरी बसावं लागलं तर त्यातून काही मिळत नाही. वर्षाची बरीचशी कमाई मार्च ते मे मध्ये, पावसाआधी. तेव्हाच पाय मोडला तर वर्ष गेलं. पोरगा दोर सोडायला येतो, पण वर चढायला मामा त्याला अजून पाठवत नाहीत. त्याला एमआयडीसीत लागायचंय. मामांचीही हरकत नाही.

संध्याकाळी हिशोब झाला. मामांनी दोर सावलीत पसरून बोटांनी इंच-इंच चाचपले आणि एका जागी धागा सुटलेला दिसल्यावर तेवढा तुकडा कापूनच टाकला. उद्या चिंच होती, हायवेच्या बाजूला.

तीन फांद्यांचं लाकूड सध्या आमच्या परड्यात पडलंय. सोमवारी वडगावच्या बाजाराला येणार असाल आणि जळण हवं असेल, तर गाडी घेऊन या.