पराक्रमाच्या नगरीतील नवागत

कोणत्याही संस्थेची, मग ती विद्यापीठ असो, सहकारी पतपेढी असो वा नाटकमंडळी असो, खरी प्रकृती ओळखावयाची असेल तर तिच्या अध्यक्षांची भाषणे ऐकण्यापेक्षा तिच्या दारात काल आलेल्या मनुष्याची तेथे काय वासलात लागते हे पाहणे अधिक श्रेयस्कर, असे माझे जुने मत आहे. आणि ज्या क्षेत्राकडे आपल्याकडील प्रतिष्ठित वर्ग आजही पोरांचा वेळ खाणारा रिकामा उद्योग म्हणून पाहतो, त्या ऑनलाइन खेळांच्या क्षेत्रात या मताचा पडताळा मला अगदी अनपेक्षितपणे मिळाला.

‘सिटी ऑफ हीरोज’ हा तो खेळ. कॅलिफोर्नियातील क्रिप्टिक स्टुडिओज या संस्थेने तो घडविला आणि दक्षिण कोरियातील एनसीसॉफ्ट कंपनीने एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेत तो सुरू केला. ऱ्होड आयलंड प्रांतात वसविलेले पॅरागॉन सिटी हे त्यातील काल्पनिक महानगर. त्याच्या रस्त्यांवर एकाच वेळी शेकडो खेळाडू आपापल्या सुपरहिरोच्या रूपाने वावरतात आणि गुंडांपासून परग्रहवासी आक्रमकांपर्यंत सर्वांचा समाचार घेतात.

नवागताचे स्वागत येथे होते ते वेशभूषेच्या दालनात. दुरून मारा करणारा पण देहाने नाजूक ब्लास्टर, हातघाईवर येणारा स्क्रॅपर, इतरांवरचे घाव आपल्या अंगावर ओढून घेणारा टँकर, शत्रूला जागच्या जागी जखडून टाकणारा कंट्रोलर आणि सहकाऱ्यांचे बळ राखणारा डिफेंडर अशा पाच मूळ वर्गांतून एकाची निवड झाली, की मुखवटा, पादत्राणे, रंग, अंगकाठी यांचे असे काही भांडार त्याच्यापुढे उघडते की सारी संध्याकाळ तेथेच सरावी. या दालनाचा महिमा एवढा, की खेळाडू आमच्या मालकीच्या नायकांच्या प्रतिकृती बनवितात अशी फिर्याद घेऊन मार्व्हल कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये न्यायालयात धाव घेतली, आणि पुढच्या वर्षअखेर उभयपक्षी तडजोड होऊन ते प्रकरण दफ्तरी दाखल झाले.

ही गोष्ट केवळ हौसेची नव्हे. या जातीच्या बहुसंख्य खेळांत वस्त्रे आणि चिलखते लुटीतून मिळवावी लागतात, त्यामुळे नवखा मनुष्य त्याच्या लक्तरांवरून शंभर पावलांवरून ओळखू येतो. येथे पोशाखाचा सामर्थ्याशी संबंधच तोडलेला असल्याने पहिल्या दिवशी आलेला नायकही मुरलेल्या वीराइतकाच दिमाखदार दिसतो. पाठीवरची केप तेवढी आरंभीच्या काळात विसाव्या लेव्हलपर्यंत मिळत नसे, पण तिलाही कथेतील कारण दिलेले होते: परकीय आक्रमणात धारातीर्थी पडलेल्या ‘हीरो वन’ या वीराच्या स्मरणार्थ नगरातील नायकांनी केपचा त्याग केला होता, असे तेथील इतिहास सांगत असे.

परंतु दिसणे वेगळे आणि असणे वेगळे. अ‍ॅटलस पार्क या वस्तीत, नगरभवनापुढे पृथ्वीचा गोल खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या त्या प्रचंड पुतळ्याच्या छायेत नवागत जेव्हा प्रथम उतरतो, तेव्हा त्याच्या गाठीशी जेमतेम दोन-तीन शक्ती असतात. एका बाईची पर्स हिसकावणाऱ्या हेलियन टोळीच्या दोघा गुंडांना आवरतानाही त्याची तारांबळ उडते, आणि मान वर करून पाहावे तो जुने खेळाडू इमारतींच्या माथ्यावरून सुखेनैव उडत चाललेले असतात. मत्सराला आणि न्यूनगंडाला याहून सुपीक भूमी शोधूनही सापडणार नाही.

या रोगावरचा उतारा उपदेशात नव्हे, नियमांत होता. ‘साइडकिक’ नावाची जी तरतूद या खेळात प्रथमपासून होती, तिच्यामुळे वरच्या लेव्हलचा खेळाडू एखाद्या नवख्याला आपल्या हाताखाली घेऊ शके. मग तो नवखा जोवर त्याच्या जवळपास राही तोवर त्याची झुंजण्याची ताकद गुरूपेक्षा एकच लेव्हल खाली मोजली जाई. पुढे २००९ मध्ये नियम बदलून टीममधील सर्वांनाच आपोआप एका पातळीवर आणण्याची सोय झाली, आणि बलवान तो काही पायऱ्या खाली, दुर्बल तो काही पायऱ्या वर, असा व्यवहार सहज होऊ लागला. शिवाय आठ जणांपर्यंतच्या टीममध्ये जितकी माणसे अधिक तितके शत्रूही अधिक, अशी रचना असल्यामुळे जुन्या खेळाडूला नवख्याची गरज भासे. त्याने केलेले साहाय्य हे दान न राहता परस्परहिताचा सौदा होई.

यावर आक्षेप असा घेतला जातो, की आयते वर उचलून घेतलेला मनुष्य काही शिकत नाही. नुसत्या लेव्हल वाढवून घेऊन आपले काम न समजलेले नायक या नगरीत मुळीच नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. परंतु नियमाची खुबी पाहावी: साइडकिकच्या अंगी बळ येई, नव्या शक्ती येत नसत. मैफलीत तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला गवई मधूनच एखादी जागा भरावयास लावतो, तेव्हा त्या शिष्यालाही स्वतःजवळ असलेल्या चार सुरांवरच निभवावे लागते, मात्र ते सूर भरल्या मैफलीत लागतात. त्याला संधी उसनी मिळते, विद्या नव्हे. आणि विद्येची निकड संधीवाचून कोणाला कळली आहे?

पुढे ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस कंपनीने खेळ बंद करण्याचे फर्मान काढले. खेळाडूंनी हाती मशाली घेऊन अ‍ॅटलस पार्कमध्येच मेळावा भरविला, अर्जविनंत्या केल्या, पण ३० नोव्हेंबर रोजी सर्व्हर बंद झालेच. तथापि काही जणांनी हा खेळ खाजगी रीतीने जिवंत ठेवला होता. २०१९ मध्ये तो सर्वांसाठी पुन्हा खुला झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच एनसीसॉफ्टने ‘होमकमिंग’ या स्वयंसेवकांच्या मंडळाला तो चालविण्याचा रीतसर परवाना दिला. आपल्या सामर्थ्याचा नुसता देखावा मांडणाऱ्या संस्थेसाठी कोणी एवढ्या खस्ता खात नाही. ज्या ठिकाणी आपल्याला पहिल्याच दिवशी कामात वाटा मिळाला, त्या ठिकाणासाठी मात्र माणसे खातात, असा माझा तरी यातून निष्कर्ष आहे.

आपल्या कचेऱ्यांत, प्रयोगशाळांत आणि साहित्यसंस्थांत उमेदवाराला प्रथम कित्येक वर्षे चहा आणावयास व फायली वाहावयास लावण्याची जी वहिवाट पडली आहे, तिचे समर्थन आपण शिस्तीच्या नावाने करतो. ज्येष्ठांच्या सौजन्यावर भिस्त ठेवून ती बदलणार नाही. नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात अनुभवी माणसाच्या शेजारी बसवून खऱ्या कामाचा हिस्सा द्यावा, आणि त्याला घडविण्याचे श्रेय त्या अनुभवी माणसाच्या बढतीच्या वेळी जमेस धरावे, एवढे कलम नियमावलीत घातले तरी पुष्कळ फरक पडेल. आणि हे कलम घालावयास कोणत्याही अतिमानवी शक्तीची आवश्यकता नाही.