मालक नसताना निर्णय कोण घेतो?

आपल्याच जिल्ह्यातल्या भंडारदऱ्याला मे अखेर ते जूनमध्ये काजवे बघायला तुफान गर्दी असते. आम्हीही राहात्याहून आई-वडील, मुलांना घेऊन तिथल्या एका रिसॉर्टला मुक्काम केला. गिझर बंद, जेवण दीड तास उशिरा. गर्दीत एवढं होऊ शकतं. पण काउंटरवरचा पोरगा प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, "सर, मॅनेजर उद्या येतील." आईसाठी बादलीभर गरम पाणी द्यायचं, तरी त्याला फोन करून विचारावं लागत होतं. माझ्या मते दोष त्या पोराचा नाही, मालकाचा आहे.

रिट्झ-कार्लटन या हॉटेल कंपनीत साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्चाची मुभा असते, वरिष्ठांना न विचारता. आपलं बजेट तेवढं नाही, मान्य. पण ₹२०० तरी ठरवा. तेवढ्यात माल बदलून देणं, पैसे परत करणं पोरानं स्वतः करावं आणि वहीत लिहावं. गैरफायदा घेईल अशी भीती वाटते? मग रोज रात्री वही बघा. एकच तक्रार तीनदा दिसली, तर दुरुस्ती तुम्ही करायची.

गिऱ्हाईक चूक पोटात घालतं, टोलवाटोलवी नाही. तुमच्या दुकानात हा आकडा किती? आजच ठरवा.