नियम कुणी घ्यायचा?



दशलक्षण पर्वात मंदिराच्या ओट्यावर एका काकूंनी मला विचारलं, "तुमची सून रात्री जेवते म्हणे?" "छे हो!" मी म्हणाले. खोटं बोलले, तेही उत्तम सत्याच्या दिवशी.

सून नोकरी करते. घरी यायला आठ वाजतात. तेव्हा तिला सातवा महिना होता, आणि फार वेळ उपाशी राहू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जेवू नको असं मी तिला कधी म्हटलं नाही. एवढंच म्हणायचे, "खिडकी लावून घे, शेजारी बघतील." एका रात्री स्वयंपाकघरात गेले, तर ती दिवा न लावता, ओट्याशी उभी राहून भाकरी खात होती.

रात्रिभोजन वर्ज्य कशासाठी? अंधारात बारीक जीव दिसत नाहीत, अन्नात पडतात, हिंसा होते. आणि लोकांच्या भीतीनं मीच तिला अंधारात जेवायला लावलं होतं! (माझा मुलगाही आठलाच येतो आणि जेवतो. त्याच्याबद्दल ओट्यावर मला आजवर कुणी विचारलेलं नाही.)

2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना बेकायदा ठरवली, तेव्हा आपल्या समाजानं गावोगावी मूक मोर्चे काढले. व्रत माणूस स्वेच्छेनं घेतो, त्यात सरकारनं पडू नये, हेच आपलं म्हणणं होतं. महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा किती हायसं वाटलं! मग जे सरकारला ठणकावून सांगितलं, ते सुनेच्या ताटापाशी आपण का विसरतो?

समाजाला नियम नकोत असं मी म्हणत नाही. मंदिरातलं सामुदायिक जेवण सूर्यास्तापूर्वीच उरकावं, तिथं कांदा-लसूण येऊ नये. ती जागा सगळ्यांची आहे, आणि तिथं सूनही सगळं पाळते. पण घरातला तिचा घास तिचा आहे.

दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सहाव्या दिवशी, म्हणजे उत्तम संयमाच्या दिवशी, सहावा अध्याय येतो. त्यातल्या सोळा भावनांमध्ये त्याग आणि तप सांगितले आहेत ते शक्तीप्रमाणे. गृहस्थाला अणुव्रतं आणि मुनींना महाव्रतं, हा भेदही त्यासाठीच ना? मग सात महिन्यांच्या गर्भारशीची शक्ती किती, हे ओट्यावर बसून आम्ही कसं ठरवणार?

आता सून दिवा लावून, टेबलाशी बसून जेवते. मी सूर्यास्ताआधीच जेवलेली असते, नातीला मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसते. वाढत मात्र नाही. तो माझा नियम, मी स्वतः घेतलेला. तिनंही त्यावर कधी नाक मुरडलं नाही.

यंदा काकूंनी पुन्हा विचारलं. "हो, जेवते," मी म्हणाले.