अस्टोरियाचे ऋण

कोलंबिया नदी प्रशांत महासागराला मिळते तिथे, ऑरेगॉन राज्याच्या अगदी टोकाला, अस्टोरिया हे लहानसे बंदर आहे. अमेरिकी शोधप्रवासी लुइस आणि क्लार्क यांनी 1805 चा हिवाळा याच परिसरात काढला, 1811 मध्ये जॉन जेकब अ‍ॅस्टरच्या कंपनीने इथे फरच्या व्यापाराचे ठाणे उभारले. गावाची ओळख बहुतेकदा एवढ्यावरच संपते. पण 1913 साली याच गावात, भारतातल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदर पक्षाची स्थापना झाली, आणि ती केली प्रामुख्याने सॉ मिलमध्ये ओंडके ओढणाऱ्या पंजाबी कामगारांनी.

हॅमंड कंपनीच्या मिलमध्ये ही माणसे राबत आणि मिलजवळच्या चाळवजा घरांत राहत. ती वस्ती ‘हिंदू अ‍ॅली’ म्हणून ओळखली जाई. राहणारे मात्र बहुतेक शीख. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात, बेलिंगहॅमला, सप्टेंबर 1907 मध्ये गोऱ्या जमावाने एका रात्रीत हिंदी मजुरांना गावाबाहेर हुसकले होते. अस्टोरियात मात्र हिंदी मजुरांना पाय रोवता आले. गावात फिनलंडहून आलेल्या समाजवादी कामगारांची मोठी वस्ती होती आणि त्यांचे स्वतःचे सभागृह होते. राजकीय सभा भरवण्यात तिथे कुणाला काही वावगे वाटत नसे. पक्षाचे पहिले अध्यक्ष सोहनसिंग भकना स्वतः मिलमजूर होते. नोव्हेंबर 1913 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून पक्षाचे ‘गदर’ हे वृत्तपत्र निघू लागले, तेव्हा त्यामागे या मजुरांच्या घामाचा पैसा होता.

याच परिसरातल्या मिलमध्ये राबलेला भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात फेटा बांधून अमेरिकी लष्करात दाखल झाला. ऑरेगॉनच्या न्यायालयाने 1920 मध्ये त्याला नागरिकत्व दिले. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ‘गोरा’ नाही असे ठरवून ते नाकारले. त्या निकालाच्या आधारे इतर अनेक हिंदी माणसांचेही नागरिकत्व काढून घेतले गेले. म्हणजे अमेरिकी कोण, या प्रश्नाचा एक मोठा अध्याय या लाकडाच्या मुलखातून सुरू होतो. अमेरिकेच्या इतिहासात त्याला तळटिपेपेक्षा मोठी जागा मिळाली पाहिजे.

ही आठवण जपण्यात आपण मराठी माणसेही मागेच आहोत. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगॉनमध्ये शेतीशास्त्र शिकता शिकता या मजुरांत मिसळले आणि गदरच्या लष्करी तयारीत पुढे राहिले. नंतर मेक्सिकोत त्यांनी मक्यावर मोलाचे संशोधन केले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेला होता. 1914 मध्ये तो उठावासाठी परतला, मार्च 1915 मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला, आणि 16 नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात गदरचाच तरुण क्रांतिकारक कर्तारसिंग सराभाच्या बरोबरीने फासावर गेला. सराभा 19 वर्षांचा, पिंगळे 27 चा. पंजाबात सराभाचे नाव घराघरांत आहे. आपल्याकडे पिंगळ्यांचे नाव निघाले की बहुतेकांना ‘कोण?’ असे विचारावे लागते. त्यांचा धडा शाळेच्या पुस्तकात आला पाहिजे, आणि त्या धड्यात अस्टोरियाच्या मजुरांचे नावही आले पाहिजे.