मायलोमा उलटला म्हणून लगेच गुंठे काढू नका

कृषी खात्याच्या माणसाने पिकाचे सोडून दवाखान्याचे काय सांगावे, असे कुणी म्हणेल. पण चाकण-म्हाळुंगेकडे बांधावर बोलणे निघते ते जमिनीच्या भावाचे, आणि दुखण्यापायी गुंठे गेल्याचेही कानावर येते. म्हणून चार शब्द.

मल्टिपल मायलोमा हा हाडांच्या मगजातून उठणारा रक्ताचा कॅन्सर. कंबर धरते, अंगात रक्त राहत नाही, मूत्रपिंड थकते. बोर्टेझोमिबची इंजेक्शने, लेनालिडोमाइडच्या गोळ्या आणि स्टेरॉइड यांनी तो बहुधा आटोक्यात येतो. ज्याला झेपेल त्याच्या स्वतःच्याच मूळपेशी काढून परत देतात. अभिनेत्री आणि तेव्हाच्या खासदार किरण खेर यांना हा आजार असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. मुंबईत उपचार घेऊन त्या पुन्हा कामावर आल्या. तरी बहुतेकांत काही वर्षांनी तो उलटतोच. एकच औषध फवारत राहिले की अळी दाद देत नाही, तसेच इथेही होते. औषध बदलावे लागते.

घरात घाई होते ती इथेच. डॅराटुमुमॅब, पोमॅलिडोमाइड अशी नावे कानावर पडतात आणि दुसऱ्या दिवशी एजंट ओसरीवर. जरा थांबा. आधी डॉक्टरांना विचारा, आजार फक्त रक्ताच्या तपासणीत वाढलाय की हाडाला, मूत्रपिंडालाही लागलाय? नुसत्या तपासणीत हळूहळू वाढत असेल, तर कधीकधी लक्ष ठेवून थांबताही येते. मात्र पायातली ताकद गेली किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हातापायाला आधीच मुंग्या येत असतील, साखर असेल, तर तेही सांगा, कारण औषध त्यावरून ठरते. इंजेक्शन दर खेपेला मुंबईला जाऊन घ्यायचे की पिंपरीत मिळेल, हेही विचारायला लाजू नका. आणि कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून देऊ नका, मूत्रपिंड त्यानेच जाते.

पैशाचे म्हणाल तर बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आपल्याकडे जेनेरिक मिळते. कंपनीच्या नावावर जाऊ नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नेमके काय बसते, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडून समजून घ्या. रेशनकार्ड, आधार आणि पहिल्यापासूनची फाइल जवळ ठेवा. सरपंचांनी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरून द्यायला एक माणूस नेमला, तर पुष्कळ होईल.

एक गोष्ट मात्र मला बिलकूल पटत नाही. मुलगा आणि भाऊबंद डॉक्टरांपुढे बसतात आणि आजारी म्हातारा बाहेर बाकड्यावर. सातबारा त्याचा, हाडे त्याची. पुढची औषधे घ्यायची, की आता नुसते दुखणे कमी करून घरी राहायचे, हे त्याला विचारा. विक्रीच्या कागदावर अंगठा घेताना तो बरोबर आठवतो, मग डॉक्टरांच्या खोलीतही त्याला खुर्ची द्या.